शेजारीण, मुक्काम भोपाळ

आमच्या घरी पत्रांच्या तीन तारा आहेत. खाली लाकडाची गोल चकती, तिच्यातून वर निघालेली जाड तार आणि टोकाला आकडा. पत्र वाचून झालं की ते मधोमध भोसकायचं आणि खाली सरकवायचं. पूर्वी घरोघरी अशी एक तार खुंटीला लटकलेली असायची. तीवर विजेचं बिल, किराण्याची यादी, मामाचं पत्र असं सगळं गुण्यागोविंदाने नांदायचं. आईच्या या तीन तारांवर मात्र एकच अक्षर आहे. बारीक, उजवीकडे कललेलं, शेवटच्या दोन ओळी जागा न पुरल्यामुळे पत्त्याच्या बाजूला चढलेल्या. सुरुवात कायम तीच : ‘प्रिय शेजारणीस, सप्रेम नमस्कार.’

ही शेजारीण राहायची भोपाळला. नागपूरपासून रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं भावंडं या तारा घेऊन बसलो होतो. ताई १९४९ ची, दादा १९५१ चा, मी १९५४ चा. तिघांच्या आठवणी एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. या शेजारणीला आम्ही मावशी म्हणायचो. ताई म्हणते मावशी गोरी होती, दादा म्हणतो सावळी. मला तिचा चेहरा आधी आठवतच नाही. आधी आठवतो तो पितळेचा कडीचा डबा, ज्याच्या झाकणावर खिळ्याने ठोकून काढलेली ठिपक्यांची कोयरी होती. डबा कोणाचा, यावर मात्र आमचं तिघांचं एकमत आहे. तो कोणाचाच नव्हता. किंवा ज्या वेळी जिच्याकडे असेल तिच्याकडे तो दुसरीचा होता.

आई आणि मावशी १९५० च्या थोडं आधी, लग्न होऊन महालातल्या एका वाड्यात आल्या. बडकस चौकातून आत शिरल्यावर दोन वळणं घेऊन लागणारा तो वाडा आता नाही. दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, पुढे एकच लांब ओसरी, मागे विहीर. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत हातभर झरोका होता. त्यातून वाटी पलीकडे जायची आणि भरून अलीकडे यायची. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम तर सगळ्या महाराष्ट्रात आहे, पण या दोघींनी तो इतका ताणला होता की मीठ मागायला गेलेल्या वाटीतून चटणी आली, आणि चटणीची वाटी धुऊन तीत परत साखर गेली. कोणाकडे कोणाचं काय निघतं याचा पत्ता दोघींनाही नव्हता. बाबा म्हणायचे, सचिवालयात असा हिशेब ठेवला असता तर दोघींना निलंबित केलं असतं.

दोघींचे नवरे सचिवालयातच कारकून. बाबा आणि काका एकाच सायकलवरून सिव्हिल लाइन्सला जायचे. जाताना बाबा चालवत, येताना काका.

पुण्या-कोल्हापूरकडे भोंडला आणि हादगा, तशी आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करायचा आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरींनी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायचं. गाण्यांपेक्षा आम्हा पोरांचा जीव खिरापतीत. ज्या घरी गाणी झाली त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते, तो पोरींच्या कानाजवळ हलवते आणि विचारते, ओळखा. गोड का तिखट? वाजते का नाही? ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. वाड्यात पोरी ओळखायच्या, आणि पोरी दमल्या की या दोघी. ताई सांगते की शेवटी शेवटी खेळ पोरींचा राहिलाच नव्हता. आईने पदराखाली डबा आणला की सगळ्या पोरी मावशीच्या तोंडाकडे बघायच्या, आणि मावशी डोळे मिटून, डबा न हलवता, नुसत्या वासावर सांगायची, ‘सांजोऱ्या. आणि तूप जास्त झालं वं.’

नागपूर तेव्हा राजधानीचं गाव होतं. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, मग स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबर १९५६ ला हे राज्य मोडलं. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, उरलेला भाग नव्या मध्य प्रदेशात, आणि त्याची राजधानी झाली भोपाळ. उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, इथे खंडपीठ उरलं. मंत्री गेले, फायली गेल्या, आणि फायलींबरोबर त्या बांधणारी माणसंही गेली. नागपूरकरांना हा सल अजून आहे. १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईवर सरकार दर हिवाळ्यात इथे अधिवेशनाला येतं, सासुरवाशिणीने चार दिवस माहेरी यावं तसं, आणि संत्री खाऊन परत जातं.

त्या वेळी सरकारी नोकरांची वाटणी झाली. कोण इकडे, कोण तिकडे. बाबांचं मूळ गाव वर्धा जिल्ह्यातलं, त्यांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत. काकांचं गाव मुलताई. तापीचा उगम आहे ते. घरात मराठी, वावरात मराठी, देवापुढे मराठी, पण जिल्हा बैतूल, आणि बैतूल मध्य प्रदेशात. तिथे त्यांची सात एकर जमीन आणि म्हातारे वडील होते. काकांनी भोपाळ पत्करलं. त्यांना ते कठीण गेलं असेलच, पण आमच्या घरात काकांच्या मनाचा विचार फारसा कोणी केला नाही. आईचं त्यांच्यावर आयुष्यभर थोडं वाकडंच राहिलं. ‘सात एकरासाठी माझी शेजारीण नेली,’ असं ती हसत म्हणायची, आणि ते हसणं खरं नसायचं.

ताई तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या डोक्यात त्या महिन्याची दोन चित्रं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली आहेत. एक, दसऱ्याच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, सीताबर्डीच्या रस्त्याने चाललेली पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची न संपणारी रांग. डॉ. आंबेडकरांच्या हातून बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला लाखो माणसं नागपुरात आली होती. बाबांनी तिला खांद्यावर घेऊन ती गर्दी दाखवली होती. दुसरं, कोजागिरीनंतर दाराशी उभा असलेला तांगा आणि त्यात मावशीची वळकटी, पाटा-वरवंटा, तुळशीचं डबडं. ताईला वर्षानुवर्षं असंच वाटायचं की ती सगळी माणसं मावशीला पोचवायला आली होती.

निघताना दोघी रडल्या नाहीत म्हणे. आई म्हणाली, ‘पत्र लिहिजो.’ मावशी म्हणाली, ‘तू आधी लिहिजो.’ तांगा वळेपर्यंत आधी कोणी लिहायचं हेच चाललं होतं.

पहिलं पत्र मावशीचं आलं. तारेवर सगळ्यांत तळाशी ते आहे, गंजाचा डाग पडलेलं. भोपाळला सरकारी घरं अजून बांधून व्हायची होती, त्यामुळे जुन्या शहरात एका खोलीत दोन कुटुंबं राहत होती. पाणी लांबून आणावं लागतं. तलाव इतका मोठा की आपल्या शुक्रवारी तलावासारखे पन्नास त्यात बुडतील. रडगाणं कुठेच नाही. आणि शेवटची ओळ : ‘आज खिरापत केली आहे. ओळख. तीन अक्षरं, गोड, वाजते.’

इथून जे सुरू झालं ते ५४ वर्षं चाललं.

नियम आपोआप ठरत गेले. तीनच संधी. एका कार्डात एकच उत्तर. बरोबर आलं तर ओळखणारीची पाळी, तिन्ही चुकली तर घालणारीने उत्तर सांगायचं आणि पुन्हा तिनेच कोडं घालायचं. कार्ड पोचायला तीन-चार दिवस, उत्तराला तेवढेच, म्हणजे एक खिरापत ओळखायला कधी कधी दीड महिना जायचा. खायला काहीच मिळायचं नाही. पुष्कळदा ती खिरापत केलेलीसुद्धा नसायची, फक्त कागदावर. दादाला हे कळलं तेव्हा तो फार संतापला होता. ‘न केलेला पदार्थ ओळखायचा कसा?’ आई म्हणाली, ‘तिने काय केलं असतं ते मला कळते ना.’

मी पुढे नोकरीत असताना बाहेरगावी गेलेल्या मित्रांना पुष्कळ पत्रं लिहिली आणि ती सगळी मैत्री दोन-तीन वर्षांत विझली. आम्ही मजकूर चांगला लिहायचो. राजकारण, पुस्तकं, जीवनाविषयीचे विचार. पत्र पूर्ण व्हायचं, आणि पूर्ण झालेल्या पत्राला उत्तर देण्याची कोणाला घाई नसते. या दोघींच्या कार्डांत वाचण्यासारखं काय होतं? पोराला गोवर, दुधात पाणी, नणंदेचं लग्न ठरेना. पण प्रत्येक कार्ड दुसरीच्या अंगावर काहीतरी टाकून संपायचं. उत्तर देणं भागच होतं. नाही दिलं तर तिच्या डब्याचं झाकण मिटलेलं राहणार.

कार्डच का, याचंही कारण साधं होतं. १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा कार्ड पाच पैशांना मिळायचं आणि आंतर्देशीय दहाला. १९५० च्या गांधीजयंतीला आंतर्देशीय निघालं तेव्हा आईला त्याचं अप्रूप वाटलं होतं, पण तिचं म्हणणं, त्यात जागा फार. जागा असली की माणूस दुःख लिहितो. शिवाय कार्ड उघडं, पोस्टमनने वाचलेलं. आमचा पोस्टमन तर ओसरीवर पाणी पिता पिता सांगायचा, ‘बाई, चिरोटे नाहीत म्हणते तुमची मैतरीण. दुसरं सांगा.’

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यातल्या मराठी माणसाची. संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे हे गृहस्थ. त्यांनी देश आकड्यांत वाटला तेव्हा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांनाही पहिला आकडा दिला ४. नागपूर ४४० ने सुरू, भोपाळ ४६२ ने. आईला हे बाबांनी समजावून सांगितलं, तर तिने दोन्ही आकडे पाटीवर एकाखाली एक लिहिले आणि पहिल्या चारवर बोट ठेवून म्हणाली, ‘म्हणजे पोस्टाच्या हिशेबी आम्ही अजून एकाच वाड्यात आहो.’

डबा मात्र पोस्टाने जात नसे. त्याला सोबत लागायची. ‘भोपाळची कोणी सोबत आहे का?’ हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं जायचं की माझ्या लहानपणी मला ‘सोबत’ हे एखाद्या बाईचं नाव वाटे. परीक्षेला चाललेला पोरगा, बदली झालेले तारमास्तर, बहिणीला भेटायला निघालेल्या कोणाच्या तरी सासूबाई, सगळ्यांच्या हातात आई तो पितळी डबा द्यायची. वर जुन्या धोतराचं फडकं, दोऱ्याने शिवलेलं, शिवणीवर शाईने पत्ता. दोनदा-तीनदा वर्षाला फेरी व्हायची. इकडून भिवापुरी मिरचीचं तिखट, कुरडया, सांडगे. तिकडून बडीशेप, जरीचा बटवा, एकदा सिहोरच्या शरबती गव्हाचं पीठ, ज्याच्या पोळ्या खाऊन बाबा पहिल्यांदा म्हणाले की काकांनी केलं ते ठीकच केलं. आईने त्या दिवशी त्यांना चौथी पोळी वाढली नाही.

संत्र्यांची पेटी एकदाच पाठवली. इटारसीला ती सोबतीणबाईंच्या नातवंडांनी फोडली. त्यानंतर फळं बंद.

एकमेकींना भेटायचं मात्र जमत नव्हतं. आज हे सांगितलं की माझी मुलगी विचारते, एका रात्रीच्या प्रवासावर होत्या ना, मग? तिला काय सांगणार. सासू, तीन पोरं, महिन्याची पंचवीस तारीख. बायका मैत्रिणीला भेटायला गाडीत बसत नसत. बायका बाळंतपणाला, लग्नाला आणि मयताला जात. मैत्रीण या तिन्हींत बसत नव्हती.

१९६७ मध्ये आईच्या भावाकडे दिल्लीला लग्न निघालं आणि आम्ही जीटीने निघालो. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस मद्रासहून नागपूर, भोपाळवरून दिल्लीला जाते. भोपाळच्या फलाटावर भेटायचं, असं महिनाभर आधी कार्डावर ठरलं. आपला डबा कोणता हे आधी कसं कळावं? आईने लिहिलं, खिडकीला पांढरा रुमाल बांधीन. मी तेव्हा तेरा वर्षांचा, खिडकीशी बसलेलो. काटोल, पांढुर्णा गेलं, मुलताई आली तेव्हा आईने बाहेर बघून उगाच नाक मुरडलं, मग घाटातले बोगदे, इटारसी. भोपाळ जवळ आलं तशी ती वेणी सारखी करत होती. गाडी थांबली. आईने रुमाल हलवला, आणि मी मान बाहेर काढून बघितलं तर अख्ख्या गाडीच्या निम्म्या खिडक्यांवर पांढरे पंचे वाळत होते.

मावशी इंजिनाकडून शोधत आली, आई दारातून शेपटाकडे बघत होती. शिट्टी झाली. ती आम्हाला दिसली तेव्हा गाडी हलली होती. हिरवं नऊवारी, हातात तो डबा, बाई धावत होती. अकरा वर्षांनी एकमेकींना बघत होत्या. डबा खिडकीच्या गजांतून आत येईना, म्हणून मी दारात जाऊन घेतला. आई माझ्या मागून ओरडली,

‘गोड का तिखट?’

‘तिखट!’

फलाट संपला. आईने ओळखल्याशिवाय डबा उघडू दिला नाही. आम्हाला झाशीपर्यंत उपाशी ठेवलं. शेवटी म्हणाली, ‘सांबारवड्या.’ उघडला तर सांबारवड्याच होत्या. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. इडलीशी त्याचा काही संबंध नाही.

तारांवरची पत्रं ओळीने वाचली की मध्ये मध्ये खंड दिसतो. ताईला त्याचं कारण ठाऊक होतं. वाईट बातमीचं कार्ड घरात ठेवत नसत. वाचून लगेच फाडून टाकायचं. मावशीचे सासरे गेले तेव्हाचं कार्ड नाही. तिची मधली मुलगी तापाने गेली तेव्हाचं नाही. त्यांच्या दुःखाची कागदावर काही नोंदच उरलेली नाही, फक्त पुढच्या कार्डाची तारीख दीड-दोन महिन्यांनी उडी मारते आणि अक्षर जरा मोठं होतं. मुलीनंतरच्या पहिल्या कार्डात चार ओळी आहेत. हवा, पाऊस, दादाची परीक्षा, आणि ‘ओळख. दोन अक्षरं, गोड.’ आईने तेव्हा ‘लाडू’ लिहून पाठवलं नाही, हे ताईला पक्कं आठवतं. उत्तर येत असूनही तिने मुद्दाम दोनदा चुकीचं लिहिलं. म्हणजे मावशीला दोन कार्डं जास्त लिहावी लागली.

वाचनालयातून आईने एकदा ‘कुसुमानिल’ आणलं होतं. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांची लग्नाआधीची पत्रं. कुसुमावती नागपूरच्या कॉलेजात शिकवायच्या, १९६१ ला ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. त्या वेळी मावशीने लिहिलं होतं की ग्वाल्हेर आमच्याच राज्यात आहे, म्हणजे या बाई आता निम्म्या माझ्या. आईने पुस्तक आठवडाभर वाचलं. कसं आहे विचारलं, तर म्हणाली, ‘फार सुंदर आहे. पण एवढं सगळं सांगून टाकलं तर उद्या काय लिहायचं?’

मग १९८४.

तीन डिसेंबरच्या रात्री आकाशवाणीवर ऐकलं, चारच्या ‘तरुण भारत’मध्ये वाचलं. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून आदल्या रात्री विषारी वायू सुटला होता, माणसं झोपेत आणि रस्त्यांवर मेली होती. मावशी तोवर टी. टी. नगरच्या सरकारी घरात राहायला गेलेली होती. ते कारखान्यापासून लांब, पण किती लांब, वारा कुठे होता, इथे कोणालाच सांगता येईना. दादाने ट्रंक कॉल बुक केला, साधा, मग अर्जंट. लागला नाही. तिच्या शेजारच्यांचा नंबर होता, तोही बाबांच्या जुन्या डायरीतला.

पाच तारखेला दुपारी पोस्टमन आला. ओसरीवर न बसता त्याने कार्ड आईच्या हातात दिलं आणि तसाच उभा राहिला. त्याने वाचलेलं होतंच. कार्ड मावशीचं. तारीख एक डिसेंबर.

‘खवापोळी नाही. आणखी एक संधी उरली. थंडी चांगली पडली आहे.’

ते कार्ड दोन दिवस आईच्या पदराला बांधलेलं होतं. आम्ही कोणीच तिच्याशी बोलू शकत नव्हतो. ती चुलीपुढे बसून मधूनच पुटपुटायची, आधी आम्हाला वाटलं जप करते आहे. ताईने जवळ जाऊन ऐकलं. आई चार अक्षरी गोड पदार्थांची नावं घेत होती.

सहाला रात्री तार आली. सर्व सुखरूप.

मग जाहीर झालं की कारखान्यात उरलेल्या वायूची विल्हेवाट सोळा डिसेंबरपासून लावणार. लोकांनी एकदा भोगलं होतं, ते कशाला थांबतात? शहर पुन्हा रिकामं होऊ लागलं. मावशी आणि काका चौदाला नागपूरला उतरले, दाराच्या पायरीवर बसून आलेले. मावशीचे डोळे अजून लाल होते आणि ती थांबून थांबून खोकत होती. फलाटावर आई पुढे झाली. अठ्ठावीस वर्षांत दोघी तीनदा भेटल्या असतील, त्यातली एक भेट खिडकीतून. आईने तिला कशी आहेस विचारलं नाही. म्हणाली, ‘अनारसे?’

मावशीने मान हलवली. नाही. आणि मग ती फलाटावर, सगळ्या हमालांसमोर, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. काका ट्रंकेवर बसून राहिले. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

ती दहा दिवस आमच्याकडे होती. हे लिहावं की नाही याबद्दल ताईचं आणि माझं भांडण झालं, पण खरं ते खरं : ते दहा दिवस काही फार बरे गेले नाहीत. पहिले तीन दिवस त्या रात्रीच्या गोष्टी झाल्या. चौथ्या दिवसापासून दोघी अवघडल्या. दोघी आपापल्या स्वयंपाकघराच्या मालकिणी झालेल्या. मावशी भाजीत बडीशेप टाकू लागली होती, आईला ते चालेना. मावशीच्या मराठीत ‘लेकिन’ आणि ‘बिलकुल’ शिरले होते. आईला कमी ऐकू येऊ लागलं होतं आणि ती ते कबूल करत नव्हती. सकाळी ओसरीवर संत्री सोलत दोघी समोरासमोर बसायच्या आणि अर्धा अर्धा तास गप्प. दादा मला हळूच म्हणाला, ‘यांना बोलायला मधे चारशे किलोमीटर लागतात.’

जायच्या दिवशी गाडी सुटताना मावशीने उत्तर सांगितलं. तीन चुकल्या होत्या, नियमाने सांगणं भाग होतं.

‘खिरापत,’ ती म्हणाली.

‘कोणती पण?’

‘खिरापत वं. खोबऱ्या-खारकेची. चार अक्षरं, गोड, आणि डबा गच्च भरला तर वाजत नाही.’

आई फलाटावर कपाळावर हात मारून हसली. घरी आली आणि चपलासुद्धा न काढता कार्ड मागितलं. एक पुरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने आंतर्देशीय घेतलं आणि तिन्ही पानं भरली. ताई म्हणाली, ‘दहा दिवस घरात होती तेव्हा नाही सांगितलंस?’

‘ती बसली होती ना समोर,’ आई म्हणाली. ‘समोर बसलेल्या माणसाला काय सांगते तू?’

पुढे एसटीडी बूथ निघाले. लाल आकडे पळायचे ते बघून दोघींची बोलती बंद व्हायची. मग घरी फोन आला. दर रविवारी दादा नंबर लावून द्यायचा. ‘काय करून राहिली?’ ‘काही नाही. तू?’ ‘जेवण झालं.’ ‘बरं, ठेवते.’ फोनवर खिरापत ओळखून बघितली एकदा, पण आईला ते मुळीच आवडलं नाही. लगेच उत्तर द्यावं लागते, विचार करायला चार दिवस मिळत नाहीत, हे काय ओळखणं झालं? रविवारचा फोन पोरांच्या समाधानासाठी राहिला आणि कार्डं चालूच राहिली. बाबा गेले, काका गेले. त्या दोन वेळच्या जागा तारेवर रिकाम्या आहेत. आईच्या हाताला कंप सुटल्यावर ताई लिहून द्यायची, पण शेवटची ओळ आई तिला पोस्टाच्या दारात, कानात सांगायची.

आई २०११ च्या फेब्रुवारीत गेली. दादाने फोन केला. मावशी ‘बरं’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती तेव्हा ऐंशीच्या पुढची. आम्हाला वाटलं तिला नीट कळलं नसेल.

महिन्याभराने कार्ड आलं. अक्षर ओळीबाहेर गेलेलं, तरी उजवीकडे कललेलंच. ‘चि. तिघांस अनेक आशीर्वाद. डबा माझ्याकडे आहे. सोबत मिळाली की पाठवीन, पण आधी ओळखा. तीन अक्षरं, तिखट, वाजते.’

आम्ही तिघं साठीच्या आसपासची माणसं ओसरीवर बसलो. मी म्हणालो फुटाणे. दादा म्हणाला, फुटाणे तिखट कुठे असतात, भडंग. ताई म्हणाली चकली, आणि लिहायचं तिलाच होतं, म्हणून चकली ठरली. तिने पोस्टातून पन्नास पैशांची पाच कार्डं आणली. मायना काय घालायचा यावर ती थोडी अडली, मग तिने ‘ती. मावशीस सा. नमस्कार’ लिहिलं, आणि ४६२ चा पिनकोड न बघता घातला.

नवव्या दिवशी उत्तर आलं.

‘चकली नाही. दोन संधी उरल्या. दादाने माझ्याकडे खाल्ली आहे, त्याला विचारा.’

दादा दोन दिवस आठवत होता. त्याला काही आठवेना. ताईने दुसरं कार्ड काढलं.